नाव डावीकडे जाते

मेघा नाव घेऊन थेट समोरच्या मोहाच्या झाडापर्यंत सरळ गेली आणि तळ्याच्या पाळीवर उभ्या असलेल्या भुपेंद्रनं धसका घेतला. खरं म्हणजे यात धसका घेण्यासारखं काही नव्हतं. बायको पहिल्यांदाच कयाकमध्ये बसते, बुडत नाही, उलटत नाही, तळ्याच्या या काठावरून त्या काठाला लागते, तर नवऱ्यानं कौतुक करायचं. हट्ट तिचाच होता. आजवर प्रत्येक रविवारी ती पाळीवर बसून उकडलेले सिंगाडे सोलत त्याची कसरत बघायची. आज टोपली बाजूला सारून म्हणाली, "अजी, एक डाव मले बसू द्या ना." त्यानं तिला बसवलं. दोन्हीकडे पातं असलेलं ते लांब वल्हं कसं धरायचं ते दाखवलं आणि मास्तरकीच्या सवयीनं वर बजावलं की हिला एक खोड आहे, ही डावीकडे पळते. उजवा हात जरा हलका मारायचा, आणि तरीही डावीकडच्या सिंगाड्याच्या वेलांत घुसलीच तर घाबरायचं नाही, मी इथून ओरडून सांगेन. मेघानं मान डोलावली आणि पाण्यावर गेल्यागेल्या सगळं विसरली. पोरीबाळी करतात तसं दोन्ही हातांनी सारखंच पाणी उडवत सुटली. भुपेंद्र ओरडायला तोंड उघडून उभा राहिला. ओरडायची वेळच आली नाही. नाव आखून दिल्यासारखी गेली. मोहाच्या सावलीत पोचल्यावर मेघानं मागं वळून हाक दिली, "सिधी तं जाते जी हे!" वारा नसला की तळ्यावरून आवाज अगदी कानाशी बोलल्यासारखा येतो. भुपेंद्रनं हात वर केला. उजवा.

नाव त्यानं स्वतः बनवली होती, भंडाऱ्याला, भाड्याच्या घराच्या स्लॅबवर. तो तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा आणि फळ्यावर पट्टी न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायचा. नवीन वर्गावर पहिल्याच तासाला तो ही रेघ ओढून दाखवी आणि पोरं तोंडात बोट घालत. मोबाइलवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहून त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. प्लायवूडच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडेकडेनं बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं त्या एकमेकींना टाचायच्या आणि वरून राळेसारखं रसायन फासायचं. शेजारी यायचे, कमरेवर हात ठेवून बघायचे आणि विचारायचे, "मास्तर, औंदा मोठा पूर येऊन राहिला का?" मेघा हसायची, नाव काय शिवते का कोणी म्हणायची, आणि चहा आणून द्यायची. ते दिवस चांगले होते. इतके चांगले होते हे तेव्हा कळलं असतं तर त्यानं काम आणखी हळू केलं असतं. पुढच्या टोकाशी तार पिळताना डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मध्येच ढिलं पडायला लागलं. भुपेंद्र म्हणाला, तार निकृष्ट आहे. दुसरी आणली. मग म्हणाला, पक्कड बोथट आहे. तीही नवी आली. पुढं शर्टाची गुंडी लागेना, तर शिंप्यानं काज अरुंद केलंय म्हणून तो त्याच्याशी भर दुकानात भांडून आला. भुपेंद्रचा स्वभाव तसा भांडखोर नव्हता, पण वस्तूंवर विश्वास ठेवण्यात तो कमालीचा पक्का होता. वस्तूत दोष असतो, तो सापडतो, दुरुस्त होतो. नाव पाण्यात उतरली आणि पहिल्याच दिवशी डावीकडे वळून सिंगाड्यात अडकली, तेव्हा त्याला जवळजवळ बरंच वाटलं. चला, म्हणाला, आता नेमकं काय ते धरता येईल.

पण धरता येईना. गावी, अड्याळच्या अलीकडे, वडिलांच्या रिकाम्या गोठ्यात त्यानं नाव उपडी घातली, टोकापासून टोकापर्यंत सूत ताणलं, दोन्ही बाजू मापल्या. केसाचा फरक निघाला नाही. मग त्यानं ठरवलं की दोष सुतात न सापडणारा आहे. पुन्हा मोबाइल उघडला. तिकडचे लोक सुकाणूवरून तावातावानं भांडत होते. एक म्हणे, ज्याला वल्हं मारता येतं त्याला सुकाणू लागत नाही. दुसरा म्हणे, सुकाणू लावण्यात लाज कसली, वारा असतो, प्रवाह असतो, माणसानं आपली ताकद जायचं तिकडे जाण्यात खर्चावी, नावेशी झटापट करण्यात नाही. हा दुसरा त्याला फार समंजस वाटला. त्यानं ॲल्युमिनियमचं पातं कापलं, कानशीनं घासलं, दरवाजाची बिजागरी कापून त्याला जोडली, पायानं दाबायच्या दोन लाकडी पट्ट्या केल्या, पट्टीपासून पात्यापर्यंत जायला सायकलच्या ब्रेकची तार आणली. उजवी पट्टी दाबली की नाव उजवीकडे, डावी दाबली की डावीकडे. सगळं तयार होऊन गोठ्यात पोत्यावर पडून होतं आणि तो दर रविवारी म्हणायचा, पुढच्या रविवारी बसवू. कारण बसवायचं तर नावेच्या मागच्या टोकाला भोकं पाडायला हवीत, आणि एकदा पाडलेलं भोक पाडलेलंच. हे कारण त्यानं मेघाला सांगितलं होतं, वडिलांना सांगितलं होतं, आणि स्वतःलाही तेच सांगितलं होतं.

नागपूरचं मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगी रुपा तिथं होस्टेलवर राहून शिकत होती; तिला भेटून येतो म्हणून तो एकटाच गेला आणि तिला भेटायच्या आधी डॉक्टरकडे गेला. डॉक्टर वयानं त्याच्या जुन्या विद्यार्थ्याएवढा होता आणि त्याला सर म्हणत होता. सुया टोचून, वीज सोडून, हात उचला, बोटं पसरा, जीभ बाहेर काढा, असं बराच वेळ झालं. मग त्यानं खुर्ची जवळ ओढली. खुर्ची जवळ ओढली तेव्हाच भुपेंद्रला कळलं. शिरा वाळत जातात, असं काहीसं तो सोप्या भाषेत म्हणाला, झाडाची फांदी वाळते तसं, आणि यावर आज तरी उपाय नाही. "हे एका जागी थांबत नाही, सर. हातातून पायात जातं, पुढे गिळणं, बोलणं. किती वेगानं, ते कोणीच सांगू शकत नाही. तुमच्यासोबत कोणी आहे?" भुपेंद्र म्हणाला, बाहेर आहे. बाहेर कोणी नव्हतं. एक बाई लहान पोराला संत्र्याची फोड भरवत होती, आणि ते पोर फोड चोखून बी तिच्याच तळहातावर थुंकत होतं. तेवढंच त्याला नीट आठवत होतं. रात्री घरी येऊन तो मेघाला म्हणाला, जीवनसत्त्व कमी पडतंय. मेघानं दुसऱ्या दिवसापासून मटकीला मोड आणायला सुरुवात केली. रोज सकाळी एक वाटी. तो ती वाटी संपवायचा, कारण मेघा समोर बसून बघायची, आणि कारण कधी कधी त्याला खरंच वाटायचं की काय सांगावं, गुण येईलही.

पण डॉक्टर हाताबद्दल बोलला होता. नावेबद्दल काही बोलला नव्हता. हा हिशेब वेडेपणाचा आहे हे भुपेंद्रला कळत होतं, तरी त्यानं तो आपल्यापाशी धरून ठेवला होता. नाव डावीकडे जाते यातलं थोडं तरी नावेचं असेल. निम्मं नाही, पाव तरी. तेवढा पाव हिस्सा आपला नाही, तेवढ्यापुरता हात अजून शाबूत आहे. दर रविवारी तो त्या पाव हिश्श्याच्या जोरावर पाण्यावर जात होता, मोह समोर धरून निघत होता, सिंगाड्यात अडकत होता आणि हसत हसत परत येत होता. आज मेघानं तो पाव हिस्सा, हसत, काही माहीत नसताना, त्याच्या हातातून काढून घेतला.

ती परत आली तेव्हा साडीचा काठ भिजला होता आणि चेहरा उजळला होता. आल्या आल्या सांगू लागली की मधे पाणी कसं काळं दिसते, मोहाच्या मुळ्या कशा पाण्यात लोंबून राहिल्या, पाणकोंबडी कशी अगदी हातभरावरून गेली. भुपेंद्र हो हो म्हणत राहिला. दोघांनी नाव उचलली, ती पुढं, तो मागं. त्यानं भार उजव्या खांद्यावर घेतला. पाळीच्या उतारावर डावा हात नुसता वर टेकवलेला असतानाही थरथरला आणि नावेतून ती थरथर पुढं गेली असणार, कारण मेघानं मान किंचित वळवली. गावात शिरेपर्यंत ती पाणकोंबडीबद्दल बोलत होती. हातपंपापाशी तिचं बोलणं हळूहळू थांबलं आणि पुढं घरापर्यंत ती काहीच बोलली नाही. भुपेंद्र मागून तिच्या वेणीकडे बघत चालत होता. ती थकली असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. पहिल्यांदाच वल्हं मारलं, दंड भरून आले असतील.

घरी पानं वाढली होती. आई आनंदाबाई चुलीपाशी, वडील मधुकरराव भिंतीला टेकून पाटावर. खळ्यावर धानाची मळणी आटोपत आली होती, त्यामुळे मधुकररावांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बारीक तूस बसलेलं होतं आणि बोलताना ते एका बोटानं झटकत होते. नवीन तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. भुपेंद्र आता कालवून खायचं सोडून चमच्यानं खात असे, म्हणजे ताट डाव्या हातानं धरावं लागत नाही. शहरात राहून पोरगा साहेब झाला, असं आई शेजारणींना सांगायची. आज तिनं न विचारता त्याच्या भातावर तूप ओतलं. पुरे म्हणाला तर आणखी ओतलं. मग मधुकरराव ताटातून मान वर न करता म्हणाले, "तुया डोंगा वाकडाच हाये गा, भुपेन."

भुपेंद्र थांबला.

"ते का सुकाणू बनवून ठेवलास ना," वडील पुढं म्हणाले, "बसवून टाक आज. कायले ठेवतेस मंग?"

"बाबा, मेघा सिधी गेली आता. तुमी नाई पाह्यलं."

"पाह्यलं ना. सलंगापाशीच तं बसलो होतो." सलंग म्हणजे तळ्याचं जादा पाणी निघून जातं ती बाजू, तिथून पाण्याचा हा काठ आणि तो काठ सारखाच स्वच्छ दिसतो. "पाह्यलं. वाकडाच हाये. बसवून टाक."

"हो ना," मेघा वाटीतलं वरण भातावर घेत म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "मी बसली तवा वाराच नोहता. वारा नसला का काई बी सिधंच जाते."

आई चुलीत लाकूड सारत राहिली. भुपेंद्रनं चमचा भातात रोवला आणि तो तसाच धरून राहिला. त्याला एकदम भयंकर एकटं वाटलं. इतकं की समोर बसलेली ही माणसं पाण्याच्या त्या काठावर आहेत आणि तिथून आपल्याला हाका मारताहेत, असं वाटलं. वडिलांचा हा आवाज त्याला माहीत होता. हा आवाज त्यानं यापूर्वी एकदाच ऐकला होता आणि तो कुणाला उद्देशून होता तेही त्याच्या लक्षात होतं.

त्या वेळी तो आठवीत असावा. घरी चांद्या आणि मैना अशी बैलजोडी होती. मैना हे बैलाचं नाव कसं, असं शहरातले मास्तर विचारतात, पण ठेवलं होतं खरं. चांद्या डावीकडे चालायचा. रोवण्याच्या दिवसांत चिखलणी चालू असताना चांद्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, कोपऱ्यावर वळताना थबकायला लागला. मधुकररावांनी काही वेळ बघितलं, मग नांगर थांबवून तो जुवाला बांधणारा नाडा सोडला आणि मध्यापासून उजवीकडे सरकवून पुन्हा आवळला. नाडा उजवीकडे गेला की ओढ मैनावर जास्त पडते आणि डावीकडच्याला हलकं होतं, हे धानाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. शेजारच्या बांधीतून देवाजी बघत होता. मधुकरराव त्याला ऐकू जाईल अशा मोठ्यानं म्हणाले, "जू वाकडं झालं बाप्पा." देवाजीही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला, "हो जी, वाकडंच दिसून राहिलं." संध्याकाळी गोठ्यात भुपेंद्रनं कंपासपेटीतली पट्टी आणली, भिंतीला टेकवलेलं जू मापलं आणि मोठ्या हुशारीनं जाहीर केलं, "बाबा, जू सरळच हाये. चांद्याच कमजोर झाला." वडिलांनी त्याच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात एकदाच. आणि मारून झाल्यावर त्याच्याकडे नाही, चांद्याकडे बघितलं. रात्री आईनं त्याला जवळ घेऊन सांगितलं की जनावरापुढं जनावराचं असं बोलत नसतात बेटा, त्याले समजते, मंग ते बसते, उठत नाई. आणि तिनं चांद्यापुढं कोंडा जास्तीचा ठेवला. पोळ्याला त्याला बेगड लावली, झूल घातली, पुरणाची पोळी दिली. पोळ्यानंतरच्या बाजारी वडील त्याला पहाटे घेऊन गेले आणि दुपारी नुसतं दावं हातात घेऊन परत आले. दावं खुंटीला लावलं. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काय होतं? जू वाकडं होतं.

जेवण झाल्यावर भुपेंद्र गोठ्यात आला. म्हणजे पूर्वीच्या गोठ्यात. आता तिथं खताची पोती, फवारणीचा पंप आणि त्याची नाव होती. दाराच्या फटीतून ऊन आत येऊन नावेच्या बुडावर पडलं होतं. त्यानं पोत्यावरचं पातं उचललं. छान झालं होतं पातं. कडा इतक्या गुळगुळीत घासल्या होत्या की बोट फिरवावंसं वाटे. तो नावेशेजारी बसला आणि विचार करायचा म्हणून विचार करू लागला. बसवलं तर काय? नाव मोहापर्यंत जाईल. पुढच्या रविवारी जाईल, त्याच्या पुढच्याही जाईल. किती रविवार ते डॉक्टरलाही माहीत नव्हतं. उजव्या हाताच्या जोरावर आणि पायांच्या मदतीनं तो ते पाणी ओलांडेल, मधलं काळं पाणी बघेल, मोहाच्या मुळ्या बघेल. आणि पाळीवरून सगळे बघतील आणि म्हणतील, वा, डोंगा सिधा झाला. त्यांना किती सोपं जाईल ते. आई तूप वाढत राहील, मेघा मटकी भिजवत राहील. सरकवलेला नाडा जसा पुन्हा मधे आणत नाहीत तसं हे पातंही पुन्हा निघणार नाही. आणि एक दिवस सुकाणूनंही भागणार नाही, तेव्हा हीच माणसं खाली बघून आणखी कशाला तरी वाकडं म्हणतील. चमच्याला. खुर्चीला. पुढं उशीला. त्याच्या जिभेला म्हणणार नाहीत. तो बोलायचा थांबेल तेव्हाही ती म्हणतील, इथं आवाजच नीट येत नाही, घराची बांधणीच तशी आहे.

आणि नाही बसवलं तर? तर मेघासमोर बसून सांगावं लागेल. मेघा, नाव सरळ आहे. हे तीन शब्द. तीन शब्दांनी सगळं होतं, सुया, वीज, जवळ ओढलेली खुर्ची, सगळं त्यांत येतं. त्यानं ते ओठांत म्हणून पाहिले. गोठ्यात कुणी नव्हतं तरी दाराकडे बघून घेतलं. मेघाचा चेहरा कसा होईल ते त्याला दिसेना. त्यानं खूप प्रयत्न केला, पण त्याच्यासमोर तिचा तो पाण्यावरून परत येतानाचा चेहराच येत होता, उजळलेला, आणि त्या चेहऱ्याला ते तीन शब्द सांगणं म्हणजे कुणाला तरी हातानं पाण्याखाली धरण्यासारखं होतं. त्याला वडिलांचा राग आला. मग आला तसा गेला. ते तरी काय करणार होते? त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं होतं, तळ्यावर बसून सगळं स्वच्छ बघून, तुसानं भरलेला चेहरा ताटात घालून त्यांनी आपल्या पोरासाठी नाडा सरकवला होता. भुपेंद्रला रडू आलं. त्यानं डोळे उजव्या बाहीला पुसले आणि पुन्हा पात्याच्या कडेवरून बोट फिरवू लागला. आपण काहीही ठरवलं तरी काहीही बदलणार नाही, हे त्याला त्या क्षणी इतकं उघड दिसत होतं की ठरवायचं कशाला, असं वाटून तो नुसता बसून राहिला. भोकं पडली काय, न पडली काय. लाकडाला काय फरक पडतो.

मेघा आली तेव्हा तिच्या हातात ड्रिल होतं आणि वायरचं भेंडोळं काखेत. आल्या आल्या म्हणाली, "लाइट हाये आता. मंग जाईल. बसवून टाकू."

"राहू दे. पुढच्या रविवारी."

"कायले पुढच्या रविवारी? बाबाही म्हणून राहिले." ती खाली बसली. डोळे धुतल्यासारखे होते, पण ती भांडी घासून आली होती, तोंडही धुतलं असेल. "कुठं पाडू सांगा. मी पाडते, तुमी नाव धरा."

त्यानं खूण करून दिली. का दिली ते त्याला कळलं नाही. पेन्सिल हातात आली आणि हातानं सवयीनं दोन नेमके ठिपके दिले, एवढंच. मेघानं जीभ दातांत धरून भोकं पाडली. लाकडाचा भुसा तिच्या मनगटावर बसला. बिजागरी बसली, पातं टांगलं, तारा नळ्यांतून आत ओवून पायाच्या पट्ट्यांना जोडल्या. तिला हे काम येत नव्हतं आणि तरी ते फार नीट होत होतं. मध्येच ती म्हणाली, "मोहाखाली ना, बसाले जागा हाये. मोठा गोटा हाये. डबा नेऊ आपन. तुमी डोंग्यात या, मी पाळीवरून पायी येते." तो म्हणाला, बरं. ती म्हणाली, "रुपा आली का तिलेही नेऊ." तो म्हणाला, हो. तिच्या बोलण्यात त्याला काही सापडत नव्हतं. तो ऐकत होता, प्रत्येक शब्द उलटासुलटा करून बघत होता, आणि तिला माहीत आहे की नाही याचा त्याला थांग लागत नव्हता. वाराच नव्हता असं ती जेवताना म्हणाली, ते खरंच तसं वाटून म्हणाली असेल. तिला वाऱ्यातलं काय कळतं? तिला काहीच कळलेलं नाही. हे मनाशी म्हणताना त्याला थोडा आधार वाटला. निदान एक माणूस तरी आहे ज्याला अजून काही माहीत नाही.

"आता बसा," मेघा म्हणाली. "पायाची पट्टी जमून राहिली का पाहू."

नाव सुलटी करून पोत्यांवर ठेवलेली होती. भुपेंद्र आत बसला, पाय लांब केले, तळवे दोन्ही पट्ट्यांना लावले. पाठ मेघाकडे. ती मागच्या टोकाशी पाना घेऊन पात्यापुढं उकिडवी बसली. त्याला ती दिसत नव्हती, नुसतं तिचं श्वास घेणं ऐकू येत होतं.

"उजवा दाबा."

त्यानं दाबला. तार नळीत खरखरली, मागं बिजागरी कुरकुरली.

"फिरलं. आता डावा."

त्यानं दाबला. म्हणजे दाबायचं मनात आणलं, आणि ते मनातलं कमरेतून, मांडीतून खाली गेलं, गुडघ्याच्या खाली कुठंतरी पोचलं आणि तिथंच विरलं. पाऊल पट्टीवर नुसतं ठेवलेलं होतं. त्यानं बघितलं. आपलंच पाऊल, आपलीच बोटं, अंगठ्यावरची जुनी खूण. त्यानं पुन्हा दाबलं. बोटं हललीसुद्धा नाहीत. गेले काही दिवस डावी चप्पल पायातून निसटत होती, आणि परवाच त्यानं चांभाराकडून तिचा पट्टा बदलून आणला होता. त्यानं मांडी ढकलून पाहिली, ढुंगण सरकवून पाहिलं. पट्टी जिथं होती तिथंच राहिली, तार गप्प राहिली.

"दाबला का?" मेघानं मागून विचारलं.

नाव डावीकडे पळते, त्याच्या मनात आलं. तिला उजवीकडे आणायचं तर उजवाच पाय लागतो. डाव्याचं इथं कामच काय? आणि क्षणभर हे त्याला अगदी पटलं.

"दाबला," तो म्हणाला.

पातं हललेलं नव्हतं. हलणं शक्यच नव्हतं. मेघाचे डोळे त्या पात्यावरच होते, तिच्या नाकासमोर वीतभरावर ते होतं. आता ती विचारेल. पुन्हा दाबा म्हणेल, किंवा उठून पुढं येईल आणि पायाकडे बघेल. तिनं यावं असं त्याला फार वाटलं. तिनं येऊ नये असंही तितकंच वाटलं. तो मान न वळवता समोरच्या कुडाकडे बघत राहिला.

"फिरलं," मेघा म्हणाली. तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. "बरोबर फिरलं जी."

मग पान्याचा आवाज आला. ती नट आवळत होती.